पाहुण्याने आणलेली मोळी

सगळं झालं ते माझ्या कंबरेमुळे. म्हणजे कंबर दुखत नव्हती, पण आता दुखणार हे मला स्पष्ट दिसत होतं, कारण सासूबाईंनी न्याहारीच्या वेळी जाहीर केलं होतं, "जळण संपलं."

आमच्या घरात हे वाक्य कोणाकडेही न बघता उच्चारलं जातं आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. आमच्या बेटांवर लग्न झालं की मुलगी कुठेच जात नाही, मुलगा जातो. सगळे पुरुष घरजावई. त्यामुळे घरजावई म्हणून कोणी हिणवत नाही हे खरं, पण घरजावयाचं एकही काम सुटत नाही हेही तितकंच खरं. बेटावर उगवतात फक्त नारळ आणि नातेवाईक. लाकूड, केळी, गोडं पाणी, सगळं पलीकडच्या किनाऱ्यावर. होडी वल्हवत जायचं, जंगलात कुऱ्हाड चालवायची आणि ओझं खांद्यावर घेऊन यायचं. मी पडलो गावच्या धक्क्यावरचा कारकून. माझा हात कुऱ्हाडीपेक्षा शिक्क्यावर चांगला बसतो (असं माझं मत, सासऱ्यांना शिक्क्याबद्दलही शंका आहे).

आणि नेमका त्याच सकाळी धक्क्यावर योस्ट उतरला.

योस्ट नेदरलँड्सचा. साठी ओलांडलेला, निवृत्त टपालवाला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उंची इतकी की त्याच्याशी बोलताना मान नारळ मोजल्यासारखी वर करावी लागायची. येणारे पाहुणे सहसा पांढऱ्या वाळूच्या छोट्या बेटांवर जाऊन लाल होईपर्यंत पडून राहतात. हा म्हणाला, "वाळू पुष्कळ पाहिली. मला जंगल पाहायचंय, प्राणी पाहायचेत. आणि एक दिवस तुमच्यासारखं जगायचंय."

"अगदी आमच्यासारखं?" मी विचारलं.

"अगदी!"

माझी नजर होडीत पडलेल्या कुऱ्हाडीकडे गेली. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की शिक्का उलटा मारला गेला.

"लाकूड तोडता येतं?" मी विचारलं. "कारण आमच्या संस्कृतीचा तो गाभा आहे."

जाताना तोच वल्हवत होता. मी संस्कृतीबद्दल बोलत होतो.

जंगलात प्राणी आहेत याबद्दल वाद नाही, फक्त मी गेलो की ते नसतात. योस्टला मात्र सगळे भेटायला आले. मोठ्या पिवळ्या चोचीचा टूकन आला, झाडाच्या शेंड्यावर ओरडणारी माकडं आली. मी झाडावरच्या एका वारुळाकडे बोट दाखवून "तो बघा स्लॉथ" म्हणालो, तर त्याने दुर्बिणीतून पाहिलं, सभ्यपणे मान डोलावली आणि दुसऱ्याच झाडावरचा खरा स्लॉथ मला दाखवला. दिवसभर उलटा लटकून, पानं चघळत पडलेला. (मला या प्राण्याबद्दल फार आदर आहे. त्याला सासर नसतं.)

"हा पक्षी कोणता?" योस्टने कुजबुजत विचारलं.

"नाव नाही आठवत. पण नारळाच्या रश्श्यात बरा लागतो."

यानंतर त्याने मला काही विचारलं नाही. मी एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर विसावलो. त्या ओंडक्यावरून मुंग्यांचा रस्ता जात होता, आणि मुंग्यांनी रस्ता न बदलता तो माझ्या विजारीतून पुढे नेला. पुढचा बराच वेळ मी नदीत गळ्यापर्यंत बसून होतो. बाहेर येऊन पाहतो तर योस्टने लाकूड तोडून, एका मापाचे तुकडे करून, वेलीने बांधून अशी देखणी मोळी केली होती की ती जाळायला जीव होऊ नये.

"घरी फार सवय होती," तो म्हणाला. "बायकोला शेकोटी आवडायची."

परत आलो. मी मोळीला हात लावला, पण योस्ट म्हणाला, "नाही, तुमच्यासारखं!" आणि खांद्यावर घेऊन चालू लागला. मागून मी, त्याची टोपी आणि दुर्बीण घेऊन. गल्लीतल्या बायकांचे शिवणकामाचे हात थांबले. कोणीतरी विचारलं, "काय रे एलिसेओ, मोळी कुणाकडे?"

"आमच्याकडेच," मी म्हणालो. ओल्या विजारीत माणूस फार विचार करत नाही.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या वेळी नवरदेव जंगलातून लाकडं तोडून आणतो आणि मुलीच्या घरी चुलीशी ठेवतो. ठेवली लाकडं की झाला जावई. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः ठेवलेली आहेत. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष मुंग्यांकडे होतं.

घरात सासूबाई नव्हत्या. माझी बायको ब्रिसेल्दाही बाहेर गेली होती. चुलीशी एकट्या ओलोदिली मावशी बसल्या होत्या. सासूबाईंची धाकटी बहीण, विधवा, नाकात सोन्याची कडी, तोंडात चिलीम. साऱ्या बेटावर त्यांच्या जिभेला भीत नाही असा माणूस नाही. योस्टने वाकून मोळी त्यांच्या पायाशी ठेवली आणि आमच्या भाषेतला त्याला येणारा एकमेव शब्द उच्चारला.

"नुएदी!"

नुएदी म्हणजे छान. नुएदी म्हणजे धन्यवाद. वेळप्रसंगी नुएदी म्हणजे होय.

मावशींची चिलीम राखेत पडली.

"माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"नुएदी," योस्ट म्हणाला.

"विचार करून सांगतोयस ना?"

"नुएदी, नुएदी!"

मी मध्ये पडून काही बोलणार तोच मावशी उठल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी ठेवणीतला, लाल कापडावर मासे शिवलेला झंपर घातला होता. काका गेल्यापासून तो पेटीतून बाहेर आला नव्हता. "चुलीशी कोणी माझ्यासाठी म्हणून लाकूड टाकलं त्याला किती वर्षं झाली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला बोलायचं धैर्य झालं नाही. (एरवीही होत नाही, पण या वेळी कारण चांगलं होतं.)

बातमी आमच्या बेटावर चालत जात नाही. ती सगळीकडे आधीच असते. सासरे धावत आले आणि त्यांनी योस्टला मिठी मारली. म्हणजे त्याच्या पोटाला मारली, तिथपर्यंतच हात पोचत होते.

"माझा साडू!" सासरे गहिवरून म्हणाले. "आयुष्यभर देवाकडे एक कामसू माणूस मागत होतो या घरात!" आणि माझ्याकडे बघितलं.

हिशेब माझ्या डोक्यात तेव्हा लागला. ज्याला मी सकाळी "इकडे वल्हव, तिकडे तोड" सांगत होतो, तो संध्याकाळच्या आत माझा मावससासरा झाला होता.

सासूबाई मोळीभोवती फिरून फिरून बघत होत्या. "बघा, जावईबापू, याला म्हणतात लाकूड. सरळ, सुकं. तुम्ही आणता ते चुलीत घातलं की रडतं."

"सासूबाई, थोडा घोटाळा झालाय..."

"घोटाळा तुमच्या वेळी झाला होता. आता सुधारतोय."

तेवढ्यात गावातले चार दांडगे तरुण आले. रीतच आहे आमची: नवरदेवाला उचलून नवरीच्या झोळीत, म्हणजे तिच्या टांगलेल्या बिछान्यात, टाकतात. मी दारात हात पसरून उभा राहिलो. त्यांनी आधी मला उचलून बाजूला ठेवलं आणि मग योस्टला उचललं. दोघांनी पाय धरले, दोघांनी हात, तरी मधला भाग जमिनीला लागत होता. वाहून नेऊन त्यांनी त्याला मावशींच्या झोळीत टाकलं. झोळी आमच्या मापाची. दोरी तुटली आणि योस्ट जमिनीवर आपटला.

तो उठला, अंग झटकलं आणि टाळ्या वाजवल्या.

"सुंदर कार्यक्रम!" तो मला म्हणाला. "पुन्हा करतील का? माझा फोटो काढायचा राहिला."

तेव्हाच ब्रिसेल्दा घरी आली. तिने तुटलेली झोळी बघितली, मावशीचा लाल झंपर बघितला, मोळी बघितली, आणि मग माझी ओली विजार.

"एलिसेओ," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू काय केलंस?"

"मी काहीच नाही केलं!"

"तेच विचारतेय. लाकूड आणायचं होतं तुला, आणि तू काहीच केलं नाहीस."

बाहेर गावचा शिपाई काठी आपटत ओरडत निघाला होता, "सभेला चला! सभेला चला!"

सभागृहात मधोमध झोळीत साइला पहुडले होते. साइला म्हणजे आमचे मुखिया. ते झोळीतून उठत नाहीत, आणि उठावं लागावं अशी कोणाची इच्छाही नसते. बायका शिवणकाम घेऊन पुढे बसलेल्या. परक्या माणसाशी सोयरीक करायला आमच्याकडे मनाई आहे (मोळीच्या आनंदात सगळे हे विसरले होते), आणि ती सोयरीक जुळवणाऱ्याचं काय करायचं हे त्या दिवशी ठरायचं होतं. दुभाषी कोण? मीच. मला वाटलं, वाचलो.

साइला म्हणाले, "पाहुण्याला विचार, लाकडं का आणली?"

मी स्पॅनिशमध्ये योस्टला म्हणालो, "साइला विचारतायत, आमचं जंगल आवडलं का?"

"फार!" योस्ट म्हणाला. "मी दर वर्षी येणार!"

मी आमच्या भाषेत सांगितलं, "म्हणतो, नकळत चूक झाली, उद्याच जातो, पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू बाकांवरून पुढे सरकत आलं. तेव्हा मला आठवलं की अर्ध्या गावाला माझ्यापेक्षा चांगलं स्पॅनिश येतं. ब्रिसेल्दाने दाताने दोरा तोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"ओलोदिली," साइलांनी मावशींना विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मावशींनी योस्टला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वर जायला वेळ लागला.

"माणूस चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कष्टाळू आहे, हसतमुख आहे, मी बोललेलं त्याला कळत नाही. नवऱ्यात आणखी काय हवं? पण झोळीत मावत नाही. आणि नियम तो नियम." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्याला सांगा, मोळी छान बांधली होती."

हे एवढं मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. योस्टने छातीवर हात ठेवून मान लववली. "नुएदी," तो म्हणाला, आणि मावशी पटकन दुसरीकडे बघू लागल्या.

साइलांनी झोळीला हलकासा झोका दिला. "तर परका माणूस जावई होऊ शकत नाही. म्हणून ही लाकडं पाहुण्याची नाहीत. पण लाकडं आलीयत, चुलीशी लागलीयत. होडी कोणाची होती?"

"एलिसेओची!" सगळी सभा.

"कुऱ्हाड?"

"एलिसेओची!"

"आणि अक्कल?"

"ती होडीत नव्हती," ब्रिसेल्दा म्हणाली.

"मग मोळी एलिसेओची," साइला म्हणाले. "त्याने ती ओलोदिलीच्या चुलीशी टाकली, आता त्यानेच टाकत राहावी. तिला नवरा मिळेपर्यंत."

योस्ट दुसऱ्या दिवशी गेला. जाताना त्याने माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाला, आमच्यासारखं साधं, निवांत आयुष्य जगात कुठे नाही. त्याच आठवड्यात मावशींनी अंगणापलीकडे आपली वेगळी चूल मांडली.

तेव्हापासून मी दोन चुलींची लाकडं आणतो. आशा एवढीच होती की मावशींना लवकर कोणीतरी मिळेल. त्यासाठी मी काय नाही केलं! शेजारच्या बेटावरचा एक विधुर स्वतःच्या होडीतून आणला. चांगला माणूस, नारळाची बाग, सगळे दात शाबूत. त्याने मावशींना रीतसर विचारलं. मी कुडाच्या भिंतीला कान लावून उभा होतो.

"नवरा कशाला हवा?" मावशी चिलीम ओढत म्हणाल्या. "आमचा एलिसेओ आहे की. लाकडं आणतो, उलटून बोलत नाही, आणि घोरायला दुसऱ्याच्या घरी जातो."