जीपचं हँडल आणि माझं कपाळ

सोलापुरात गुप्तहेर एकच, आणि तो मी, विरुपाक्ष मैंदर्गीकर. मी गुप्त आहे हे साऱ्या शहराला ठाऊक आहे. रस्त्यात कुणी "ओ गुप्तहेर!" अशी हाक मारली तर मी वळून बघत नाही, कारण ओळख लपवावी लागते. माझी नजर घारीची, कान सशाचे. नाक मात्र आमच्या घराण्याचं. मी सायकली भाड्यानं देतो असं लोकांना वाटतं. ते माझं वेषांतर आहे. लग्न झाल्यापासून मी त्याच वेषात आहे. माझा साहाय्यक येडू पंक्चर काढतो. त्यालाही वेषांतर लागतंच.

सत्त्याहत्तर साली कापडाचे व्यापारी बसवराज यांनी लिलावात लष्कराची जुनी जीप घेतली. जीप घेतली म्हणजे ती न्यायला आडवाटेची जागा हवी. म्हणून हिप्परग्याच्या तळ्याकाठी वाळूत तंबू ठोकायचा, रात्रीचा मुक्काम करायचा आणि गळ टाकून मासे धरायचे, असं ठरलं. उन्हाळ्यापासून बैठका चालू होत्या. तंबू कुठल्या रंगाचा, हे ठरलं. जीप रुतली तर उतरून कुणी ढकलायची, हेही ठरलं. ड्रायव्हर मल्लप्पानं. मल्लप्पा बैठकीला नव्हता, म्हणून ठराव एकमतानं मंजूर झाला.

धरलेल्या माशांचं काय करायचं, यावर मात्र बैठका वाढतच गेल्या. बसवराजांच्या घराचा उंबरा आजवर अंड्यानंही ओलांडलेला नाही. शेवटी ठरलं की मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि त्याची माफी मागून परत सोडायचा. यातलं अक्षरही बसवराजांच्या आईच्या, सुंदरम्मांच्या कानावर जाता कामा नये. त्यांना 'हवापालट' एवढंच सांगितलं होतं.

निघायचा दिवस खंडेनवमीचा होता. मी आणि येडू बसवराजांच्या घरी पोचलो. देवघरात रीतीप्रमाणे घरातल्या साऱ्या लोखंडी अवजारांची पूजा मांडलेली होती. झेंडूच्या ढिगात अवजार एकही दिसत नव्हतं. मी गुडघे टेकून कपाळ फुलांत खुपसलं. काहीतरी थंडगार लागलं. देवाची कृपा अशीच थंड असते, असं मनात म्हणून मी उठलो.

बाहेर आलो तर बसवराज अंगणात ओरडत होते.

"विरुपण्णा, बरं झालं आलास! जीपचं हँडल गेलं की!"

ही जीप पुढून हँडल मारल्याशिवाय सुरूच होत नसे.

"ढकलून सुरू करूया की," येडू म्हणाला.

"हितं ढकलशील. तितं तळ्यावर बंद पडली तर मासं ढकलनार हायत व्हय?" बसवराज म्हणाले. "टेंभुर्णीचं मेहुणं आपली जीप घेऊन कालच तळ्यावर जाऊन बसल्यात. म्हनत हुते, तुमचं भंगार हितवर यायचं न्हाय."

मी डोळे मिटले. मला विचार करताना मिटावे लागतात.

"मेहुणेच!" मी म्हणालो. "ज्याचा फायदा, तो चोर."

"ते चार दिवसांत हिकडं फिरकलं न्हाईत."

"चोर फिरकत नसतोच. लपून येतो."

"अण्णा, तुमच्या कपाळाला..." येडू बोलू लागला.

"माझ्या कपाळात काय चाललंय ते तुला कळायचं नाही. गप्प बस."

मग मी भंगारवाल्यावर संशय घेतला. पण तो हँडल नेताना जीप सोडून जाईल हे पटेना. मग मी जमिनीवर आडवा होऊन ठसे तपासले. ते म्हशीचे निघाले. म्हशीला मी संशयातून वगळलं. ती सारा वेळ माझ्या कपाळाकडेच बघत होती. जनावरालाही बुद्धीचं तेज कळतं.

तेवढ्यात मल्लप्पा आला. केम या आपल्या गावी जाऊन तो त्याच सकाळी परतला होता. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोलीत बायकोसह राहायचा. मी त्याचा हात धरून उलटा केला. तळव्यावर काळं ग्रीस!

"सापडला! जो गावात नव्हता त्याच्यावर कुणी संशय घेत नाही, म्हणूनच हा गावाला गेला. आणि हँडल ग्रीसनं माखलेलं. ज्याच्या अंगाला ग्रीस, त्यानं हँडलाला अंग लावलं. हे शास्त्र आहे."

"अण्णा, मग तुमच्या..."

"येडू!"

मल्लप्पाचा चेहरा उतरला. "मालक, मी ड्रायव्हर हाय. हाताला ग्रीस न्हाय तर काय अत्तर लागनार?"

बसवराजांना मात्र मेहुण्यांचं हसू ऐकू येत होतं. "हँडल आनून दे, न्हायतर उद्या दसऱ्याला खोली रिकामी कर."

खोलीच्या दारात मल्लप्पाची बायको चिमाबाई उभी होती. ती वळली. आत जाऊन भांडी आवरू लागली.

"सुंदरम्मांना इचारलं का?" येडू म्हणाला.

"हळू!" मी आणि बसवराज एकदम म्हणालो. मग मी कुजबुजलो, "त्यांनी विचारलं, जीप कशाला, तर? मासे बाहेर पडतील!"

मासे नाही, पण सुंदरम्माच बाहेर पडल्या. हातात प्रसादाची वाटी. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"काय रे हे विरुपाक्षा, कपाळाला काळं? हां... हँडलाच्या पाया पडलास व्हय!"

"कुठल्या हँडलाच्या?" मी तपास पुढे नेला.

"जीपच्या. खंडेनवमी हाय न्हवं? आख्खी जीप देवघरात कशी यील? म्हनून तिचा हात आनून ठिवला."

बसवराज देवघराकडे धावले. सुंदरम्मा आडव्या आल्या. "पूजेतलं लोखंड उद्या उत्तरपूजेपतूर हलायचं न्हाय. आनि बसवू, ते मासं धरायचं गळबी तितंच हायत. कापडाच्या गठ्ठ्यात कुनी ठिवतंय व्हय? अवजार म्हंजे अवजार."

बसवराजांनी मान खाली घातली. मी कपाळ पुसलं. ग्रीस पसरलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. सुंदरम्मांनी आपट्याचं पहिलं पान मल्लप्पाच्या हातात दिलं. बसवराजांनी दुसरं दिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं. चल, मल्लप्पा."

मल्लप्पा पायरीवरून उठला नाही. "चालवतो की. पर ज्यानं मला चोर म्हटलं त्यानं हँडल मारायचं. जाताना, येताना, आनि बंद पडंल तितं."

बसवराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी येडूकडे पाहिलं. येडू आभाळाकडे बघत होता. चिमाबाई भांडी फळीवर परत लावता लावता थांबून दारात आली.

ती जीप हिप्परग्यापर्यंत किती वेळा बंद पडली, हे मी गुप्त ठेवणार आहे.

आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा मेहुणे तंबूपुढे चहा पीत बसले होते.

"एक दिवस उशीर? गाडी बिघडली की काय?"

"गाडी बरी हाय," बसवराज म्हणाले. "गुप्तहेर लावला होता."