सहा तासांत प्राग

सहा तासांत अख्खं प्राग बघणं म्हणजे काय मोठं? व्लास्तिमिल भौतिकशास्त्राचा मास्तर होता, त्याला हे गणित अगदीच सोपं वाटलं. किल्ला पंचेचाळीस मिनिटं, नदीवरचा पूल अकरा, बसणं शून्य! सहा ठिकाणांचा हा तक्ता त्याने मेहुण्याच्या नाकासमोर धरला. मेहुणा यारोमिर मोरावियातल्या त्यांच्या गावातून सहलीच्या बस न्यायचा आणि वाटभर माइकवर गाणी म्हणायचा. पैज ठरली. सहाही ठिकाणचे फोटो आणले तर व्लास्तिमिल सुटला. एक जरी राहिला तर पुढच्या उन्हाळ्याची सुट्टी यारोमिरच्या बसमध्ये.

"मरेन, पण त्या बसमध्ये चढणार नाही," असं बजावून तो बायको राड्का आणि सासू क्वेताबाईंना घेऊन पहाटेच्या गाडीने निघाला.

किल्ला त्रेचाळीस मिनिटांत उरकला. पावात दाबून आणलेले तळलेले मांसाचे काप सासूबाईंनी पळता पळता खाल्ले. दोन मिनिटांच्या कमाईने फुगलेल्या व्लास्तिमिलने पुलाकडे उतरायला टेकडीवरची आडवाट धरली आणि तिथेच घात झाला.

क्वेताबाई थांबल्या. बर्चच्या बुंध्याशी तपकिरी टोपीची एक अळंबी डोकावत होती. तिच्या शेजारी दुसरी.

"आई, वेळ नाहीये."

"वेळ उद्याही मिळेल, जावईबापू. ही उद्या दुसऱ्याच्या कढईत असेल."

राड्का तोवर गुडघ्यांवर बसलीसुद्धा. तिला ओढायला व्लास्तिमिल वाकला, आणि वाकल्यावर त्याला तिसरी दिसली, पावाएवढी! सप्टेंबरच्या पावसानंतर अळंबी ओलांडून पुढे जाणारा चेक माणूस अजून जन्मायचाय. घाईत तो छत्री विसरला होता, पण चाकू नव्हता विसरला.

पाचच मिनिटं, असं ठरलं. तिसाव्या मिनिटाला झाडीतून एक गाइडबाई उगवल्या, मागे तीस परदेशी पर्यटक. बाई चेक होत्या, म्हणजे शत्रूच. काय शोधताय, असं त्यांनी विचारलं. अळंबीची जागा परक्याला सांगण्यापेक्षा माणूस घराची किल्ली देईल. क्वेताबाई पिशवीवर स्कर्ट पसरून बसल्या. व्लास्तिमिलने हात मागे घेऊन लग्नाची अंगठी खिशात टाकली आणि ती हरवल्याचं सांगितलं.

बाई नेमक्या हळव्या निघाल्या. त्यांनी तीसच्या तीस पर्यटक गवतात उतरवले! व्लास्तिमिलने त्यांना टेकडीच्या भाकड बाजूला पिटाळलं. तरी एक आजोबा भलीमोठी अळंबी नाचवत आलेच. विषारी, विषारी, असं खुणावत त्याने ती जप्त केली आणि आजोबांना हात धुवायला पाठवलं. दीड तासाने अंगठी 'सापडली', तेव्हा टाळ्या पडल्या आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर राड्काने ती पुन्हा त्याच्या बोटात घातली. बाईंनी डोळे पुसले. मंडळी गेल्यावर मात्र टेकडीची उरलेली बाजू बघणं आलंच. पूल राहिला, चौक राहिला, परतीची गाडी तेवढी कशीबशी मिळाली.

गावच्या स्टेशनावर यारोमिर खुशीत हात चोळत उभा होता. फोनमध्ये किल्ल्याचा एकच फोटो, तोही हललेला.

"दाजी, दिवसभर केलंत काय?"

खरं सांगितलं असतं तर त्याने तिथेच पैज सोडली असती. शेवटी तोही चेकच. पण मग त्याने जागा विचारली असती. व्लास्तिमिलने छाती पुढे काढली.

"अंगठी हरवली होती. शोधत होतो."

"सापडलेली दिसतेय. कुठे पडली होती?"

"ते मी मेलो तरी सांगणार नाही!"

 यारोमिरने तिघांचे हिरवे गुडघे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला.

"किती किलो?"

"नऊ," व्लास्तिमिल म्हणाला. म्हणजे, बोलून गेला. मागून सासूबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

यारोमिरने प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. पुढच्या उन्हाळ्यात कशाला, या शनिवारीच बस काढतो म्हणाला. माइक बंद, इतर प्रवासी नकोत, फक्त घरची माणसं.

"दाजी, तुम्ही पुढे बसा. रस्ता तुम्ही दाखवायचा."