टेकडीवरचा अबोला

"कोणी आहे का?" अशी हाक रविवारी सकाळी सव्वानऊला पंपघराकडून आली, तेव्हा स्टोअरकीपर खिडकीपाशी चहा पीत बसला होता. हाक त्याला स्वच्छ ऐकू आली. पण टेकडीवरच्या त्या पाणीपुरवठा केंद्रात रविवारी ड्युटीला दोनच माणसं असायची. एक फिटर, जो हाक मारत होता, आणि दुसरा तो स्वतः. म्हणजे 'कोणी' म्हणजे आपणच. मग सरळ आपल्याला हाक मारायला याची जीभ झडते काय, असं म्हणून त्याने आणखी एक घोट घेतला.

दोघे नात्याने साडू. थोरली बहीण फिटरला दिलेली, धाकटी याला. नोकरी एकाच ठिकाणी, म्हणून सुरुवातीची वर्षं दोघं एकाच डब्यात जेवत. बिघडलं ते इंजिनाच्या एका स्पार्क प्लगवरून. टेकडीखालच्या रस्त्यावरचा पूल खचल्याला चार वर्षं झाली होती आणि दुरुस्तीचा कागद अजून टेबलांवरून फिरत होता. तेवढ्या काळात त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर एकच गाडी चाले. जाड टायरची, मोटारसायकलसारख्या हँडलची छोटी चारचाकी. तिच्यासाठी फिटरने नवा प्लग मागितला. स्टोअरकीपर म्हणाला, आधी जुना जमा करा. जुना काढून दिला तर गाडी इथे आणू कशी, असं फिटरने दोनदा समजावलं. नियम तो नियम, असं याने तीनदा समजावलं. तेव्हा फिटर सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यांच्यापेक्षा दाराचं कुलूप बरं. ते किल्लीनं तरी उघडतं."

त्या दिवसापासून आख्खं केंद्र स्टोअरकीपरला 'कुलूप' म्हणू लागलं आणि दोघा साडूंची बोलाचाली बंद झाली. तीन वर्षं सगळं काम चिठ्ठ्यांवर चाललं. घरी दोघी बहिणी फोनवर तास तास बोलत आणि इकडे हे दोघे एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून जेवत.

दुसरी हाक आली. कुलूपने कप खाली ठेवला, पण उठला नाही. तिसऱ्या वेळी शब्दच नव्हते. नुसता आवाज होता. तो धावत सुटला.

साखळी निसटून लोखंडी पाइपाचा तुकडा फिटरच्या उजव्या पावलावर पडला होता. बुटाचं चामडं उसवलं होतं आणि आत काय उरलं असेल ते बघायची कुलूपची छाती झाली नाही. त्याने पहार घालून पाइप उचलला, फिटरला बगलेत हात घालून बाहेर ओढलं, मग ऑफिसात जाऊन दवाखान्याला फोन लावला. रुग्णवाहिका पुलापर्यंत येईल, त्याच्या वर येणार नाही, तासाभरात पेशंट खाली आणा, असं तिकडून सांगितलं गेलं. पूल तीन किलोमीटर खाली होता.

एक जुनं दार निखळवून त्याने फिटरला त्यावर घेतलं आणि चारचाकीच्या मागच्या ट्रॉलीत सरकवलं. फिटरचं डोकं मागच्या बाजूला आलं. त्याला वर आभाळ दिसत होतं, गाडी दिसत नव्हती. कुलूपने आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या सीटवर टांग टाकली आणि स्टार्टरचं बटण दाबलं. टक् झालं. पुन्हा दाबलं. ह्या वेळी टक्सुद्धा झालं नाही.

"बॅटरी उतरली असेल तर दोरी ओढायची असते," फिटर आभाळाला म्हणाला.

कुलूपने दोरी ओढली. खांदा निखळेपर्यंत ओढली. गाडी ढिम्म.

"ओढण्याआधी माणसानं पेट्रोलचा कॉक उघडा आहे का ते बघावं."

कॉक बंद होता. कुलूपने तो उघडला आणि हँडलकडे बघत म्हणाला, "उघडला आहे."

"चोकही ओढावा लागतो."

"ओढण्यात आला आहे."

असा दोघांचा अबोला न मोडता संवाद चालला होता. कुलूपने तीस वेळा दोरी ओढली. तळहाताची सालं निघाली. पेट्रोलचा भपकारा सुटला. मागून फिटरचे दात वाजल्याचा आवाज येऊ लागला, आणि एकदा मान वळवून पाहिलं तर ट्रॉलीच्या फळीवरून एक बारीक लाल ओघळ खाली ठिबकत होता. कुलूपने शर्ट काढून पोटरीला करकचून बांधला. तसं करताना दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही ती लगेच दुसरीकडे वळवली.

आत पेट्रोल जास्त झालं असेल, प्लग काढून पुसावा लागेल, असं फिटरने आभाळाला कळवलं. पेटीतला लांब पाना कुठे असतो तेही सांगितलं. कुलूपने धडपडत प्लग काढला. तो काळाठिक्कर होता, ओला होता आणि त्याच्या पांढऱ्या भागाला तडा गेला होता. तड्यावर कुणीतरी मोठ्या जिव्हाळ्याने तार गुंडाळली होती. तीन वर्षांपूर्वी जमा न झालेला तो हाच.

कुलूप स्टोअरकडे पळाला, तीन किल्ल्या चुकवून चौथीने दार उघडलं. फडताळात नव्या प्लगांचा डबा तसाच्या तसा होता. सहाच्या सहा. त्याने एक उचलला आणि सवयीप्रमाणे वही उघडून तारीखही घातली. 'कुणाला दिला' ह्या रकान्यापाशी हात थांबला, तेव्हा आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. वही त्याने भिंतीवर भिरकावली.

नवा प्लगही आधी बाहेरच तपासायचा होता. वायरीला जोडायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, दोरी ओढायची आणि ठिणगी पडते का ते बघायचं. पडत नव्हती.

"मग लाल बटण," फिटर म्हणाला. त्याचा आवाज आता विहिरीतून आल्यासारखा येत होता. "हँडलवरचं. बंद करायचं. त्यात पाणी जातं आणि ते आतल्या आत दाबलेलंच राहतं. त्याच्या मागचा वायरीचा जोड... उपटून टाक."

'उपटून टाकावा' असं तो म्हणाला नव्हता. 'टाक' म्हणाला होता. कुलूपला ते कळलं. जोड उपटला, एका हाताने प्लग धरला, दुसऱ्याने दोरी ओढली. ठिणगी पडली. अर्धी लोखंडावर आणि अर्धी कुलूपच्या खांद्यापर्यंत. तो टुणकन उडून जमिनीवर बसला आणि त्याच्या तोंडून बायकोच्या माहेरासकट सगळ्यांचा उद्धार झाला.

मागून खुसखुस ऐकू आली. फिटर हसत होता. हसताना पाय हलला तसा तो कळवळला, आणि मग पुन्हा हसला. "माझंही सासर तेच रे बाबा," तो म्हणाला, "बायको माझीही तिथलीच."

प्लग बसवला, चोक बंद केला, रेस पूर्ण दाबून दोरी ओढली. चौथ्या झटक्याला काळा धूर ओकत इंजिन धडधडलं.

"आता बटणानं बंद होणार नाही ही," फिटर म्हणाला. "आणि बंद करूही नकोस."

कुलूपला गाडी चालवता येत नव्हती. तशी ती त्याने चालवली असंही म्हणता येणार नाही. ती उतारावरून जात होती आणि तो तिच्यावर होता. दर दगडाला फिटर विव्हळायचा. पहिल्या दोन वळणांपर्यंत कुलूपला ते विव्हळणं ऐकवत नव्हतं. तिसऱ्या वळणावर ते थांबलं, आणि न ऐकवणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा समजलं.

"साडू," त्याने मागे न बघता हाक मारली. "अहो साडू, काय म्हणता तुम्ही मला?"

बराच वेळ नुसतं इंजिन. मग क्षीण आवाज आला, "कुलूप."

"मोठ्यानं म्हणा."

"कुलूप."

मग प्रत्येक वळणावर तो विचारायचा, आणि प्रत्येक वळणावर मागून उत्तर यायचं. शेवटच्या वळणाआधी कुलूपने वेगळंच काही सांगितलं. "पहिली हाक ऐकली होती मी."

"माहीत आहे," फिटर म्हणाला. "खिडकीत कप दिसत होता."

पुलापाशी रुग्णवाहिका उभी होती.

दवाखान्यात फिटरच्या पावलाचा पुढचा भाग काढावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर काही वाचलं असतं का, असं कुलूपने डॉक्टरांना तीन वेळा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी गाठून विचारलं. चिरडलं ते पाइप पडला तेव्हाच, असं डॉक्टरांनी तिन्ही वेळा सांगितलं. तिन्ही वेळा त्याचा विश्वास बसला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा आदेश आला. गाडी सुरू करण्याचा अनुभव असलेले एकमेव कर्मचारी म्हणून चारचाकीचा ताबा स्टोअरकीपरकडे देण्यात येत होता. पहिल्याच सकाळी त्याला पुलापासून वर जायचं होतं आणि ती सुरू झाली नाही. नाइलाजाने त्याने मेव्हणीला फोन लावला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "कुणाशी बोलतच नाहीत हो. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवणाचं ताटही तसंच परत येतं."

"तरी द्या. गाडी चालू होत नाही म्हणावं."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग फिटर म्हणाला, "चोक ओढलास का?"

वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बावीस. गाडीत दरदिवशी नवं काही निघे. कधी पेट्रोलमध्ये कचरा, कधी एअर फिल्टरमध्ये चिखल, कधी प्लगची सैल टोपी. फिटर घरबसल्या आवाजावरून ओळखायचा, शिव्या द्यायचा, बारीकसारीक समजावायचा. महिनाभराने मेव्हणीने धाकट्या बहिणीला सांगितलं की हल्ली हे आठच्या आधी उठून बसतात, दाढी करतात आणि फोन मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघतात. दिवसभरात बोलतात ते तेवढंच.

एके सकाळी कुलूपने दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. ना धूर, ना ठसका. इतक्या गोड आवाजात ती कधीच चालली नव्हती. कुलूप क्षणभर अभिमानाने बघत राहिला. मग त्याने घड्याळ पाहिलं. आठला दोन मिनिटं कमी होती.

त्याने वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. आतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत तो हाताची घडी घालून उभा राहिला. गाडी दोनदा अडखळली आणि थांबली. त्याने फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"बोल," फिटर म्हणाला. "आज काय?"

"काय सांगू," कुलूप म्हणाला. "मघापासून दोरी ओढून हात गळून गेले."