होम प्लेटमागचे दामले

शनिवार, १३ जून २०१५. आजचं काम: सेम्बावांगला जाऊन दामल्यांकडून कॅचरचं सामान परत आणायचं. मुखवटा, छातीचं आणि पायांचं कवच, आणि तो उशीएवढा ग्लव्ह. खरं तर हे काम आमच्या बेसबॉल संघाच्या कप्तानाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पण सुधीर म्हणाला, "तू जा ना. तुला जमतं असलं." नकोशी कामं आमच्या घरात अशीच माझ्याकडे येतात.

श्रीराम दामले, वय चौसष्ट. प्रतिस्पर्ध्याला निव्वळ बोलून बाद करणारा दुसरा खेळाडू मी पाहिलेला नाही.

आमची लीग पन्नाशीपुढच्या पुरुषांची. जपानी बँकवाले, तैवानी, इथले चिनी आणि क्रिकेट सोडवत नाही म्हणून इकडे वळलेले आपल्यासारखे दोघेतिघे. दामले पुण्यात क्लबकडून विकेटकीपर होते. इथे ऑफिसातल्या जपानी साहेबाला एक माणूस कमी पडला, तेव्हा त्यांना कॅचर म्हणून बसवलं. कॅचर होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, उकिडवा बसतो. म्हणजे बॅटरचा कान दामल्यांच्या तोंडापासून फार लांब नसतो. मी जाळीमागे बसून स्कोअर लिहिते, त्यामुळे सगळं मलाही ऐकावं लागतं. समजा, समोरच्या संघाचा लिम बॅटिंगला आलाय.

"लिम, साखर किती आली?"

"नॉट नाऊ, दामले."

"नसेल सांगायचं तर राहू दे. मला काय, मी इथेच बसलोय. पण उपाशीपोटीची की जेवणानंतरची?"

"जेवणानंतरची," लिम वळून म्हणतो, तेवढ्यात चेंडू दामल्यांच्या ग्लव्हमध्ये. स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर बाद. एकदा मुलीच्या लग्नाची हकिगत सांगता सांगता लिम बाद झाला. चिडून निघाला, अर्ध्यावरून परत आला आणि जेवणात काय काय होतं ते पुरं सांगून मग गेला. जाताना म्हणाला, "यू टॉक टू मच, लाह!"

ओकादा नावाचा एक शिस्तीचा गृहस्थ आहे. तो कानात बोळे घालून यायला लागला. पहिल्याच सामन्यात त्याने झकास फटका मारला आणि दुसऱ्या बेसपर्यंत धावला. त्याचे सगळे साथीदार ओरडत होते, "थांब! थांब!" ओकादाला कुठलं ऐकू जायला? तो तसाच तिसऱ्या बेसकडे सुटला. तिथे आमचा माणूस चेंडू घेऊन त्याची वाटच पाहत होता. दामले म्हणाले, "बघा वहिनी, माझं ऐकलं नाही की असं होतं."

मी त्यांना कैकदा सांगितलं, "अहो दामले, जरा गप्प बसून खेळा." त्यावर ठरलेलं उत्तर, "मला काय, मी इथेच बसलोय."

गेल्या महिन्यात मात्र ते खरोखरच बसले. डाव संपला, सगळे निघाले आणि दामल्यांना उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली. मग सुधीरने त्यांना राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला उभं केलं. तिथे चेंडू क्वचितच येतो आणि माणूस तर येतच नाही. दामल्यांनी तिथून पहिल्या बेसवरच्याला हाका मारून पाहिल्या. तो दाद देईना. मग कुंपणापलीकडे कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना त्यांनी कुत्र्याचं वय विचारलं. नेमका तेव्हाच चेंडू आला, दामल्यांच्या शेजारून कुंपणापर्यंत गेला आणि आम्ही सामना हरलो.

त्यानंतर ते आलेच नाहीत. सामानही आलं नाही. सुधीरने फोन केला की कधी पट्टा शिवायला दिलेला असायचा, कधी कवच उन्हात टाकलेलं असायचं. नवा कॅचर वाँग दुसऱ्या संघाकडून उसनं घेऊन खेळत होता.

म्हणून मी वुडलँड्सच्या घरून निघाले आणि दामल्यांच्या दाराची बेल वाजवली. लिफ्टमध्ये मनाशी उत्तरं जुळवली होती. हा माणूस बोलून बोलून मला रिकाम्या हाती परत पाठवणार, याची मला खात्री होती.

दामल्यांनी दार उघडलं. "या." सामान बॅगेत भरून दारापाशीच ठेवलेलं होतं. "चहा?" मी हो म्हटलं.

चहा आला. आम्ही प्यायलो. पंख्याचा आवाज येत होता. त्यांच्या सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून मेलबर्नला गेल्या, मग दुसरं नातवंड झालं आणि त्या तिकडेच राहिल्या, हे मला माहीत होतं. खुर्च्या चार होत्या. तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. एकीवरचा त्यांनी माझ्यासाठी उचलला होता.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरंय."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घरी कुठे बोलतो मी? फोन केला की ही म्हणते, बाळाला भरवतेय, नंतर करा. ऑफिस होतं तेव्हा कँटीन होतं. आता कुणाला काही विचारलं की त्याला एमआरटीची गाडी गाठायची असते." मग म्हणाले, "बॅटरचं तसं नसतं, वहिनी. तो माझ्यापुढे हातभर अंतरावर उभा असतो आणि बाद होईपर्यंत त्याला जाता येत नाही."

मी कप विसळून ठेवला आणि बॅग उचलली. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि गुडघा सांभाळत लिफ्टपर्यंत आणून दिली. लिफ्टचं दार मिटताना त्यांनी ते हाताने अडवलं.

"वाँगला एक सांगा. लिमचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्याला विचारायला हवं. वाँग घुम्या आहे, त्याच्या लक्षात यायचं नाही."

रविवार, १४ जून. सकाळी मी मैदानावर बॅग वाँगच्या हवाली केली आणि लिमच्या डोळ्याचंही सांगितलं. वाँगने मान हलवली. मग मी लीगच्या सेक्रेटरीला गाठलं. प्रत्येक संघाने इतरांच्या सामन्यांसाठी एक पंच द्यायचा असतो. शिव्या खायला कुणी तयार नसतं, म्हणून आमची जागा कित्येक दिवस रिकामी होती. पंच कॅचरच्या मागे उभा असतो. त्याला जरासं वाकलं की पुरतं, आणि दोन्ही संघांचे बॅटर त्याच्यासमोर येतात. मी दामल्यांचं नाव दिलं.

"नियम माहीत आहेत ना त्यांना?" सेक्रेटरीने विचारलं.

"सगळे पाठ आहेत," मी म्हटलं.

पंचाने खेळाडूंशी गप्पा मारू नयेत, असाही एक नियम आहे. त्याचा विषय मी काढला नाही. पुढच्या सामन्याची वेळ विचारून घेतली आणि तिथूनच दामल्यांना फोन लावला.