मामींची बंदूक बिदरात अडली

"बंदूक आणायची ना? त्यात काय एवढं! माझ्यावर सोडा!"

असं मी सासुरवाडीत, भर जेवणात, छाती फुगवून म्हणालो आणि तिथंच माझी साडेसाती सुरू झाली.

मी सुदर्शन. मुखेडला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सासुरवाडी जळकोटजवळच्या खेड्यात. सासरे नाहीत, सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. सिंधुबाई त्यांचं नाव, पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी त्यांना मामी म्हणतो. मामी म्हणजे उंचीनं हातभर आणि आवाजानं गावभर! त्यांनी यंदा भुईमूग लावला होता. पीक असं तरारून आलं की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. अडचण एकच, रानडुकरंही थांबायची! आणि ती नुसती बघून जात नव्हती. नांगर फिरवल्यासारखा पट्टाच्या पट्टा उकरून ठेवायची.

मामींनी बुजगावणं उभं केलं. फटाके उडवले. शेवटी जुन्या लुगड्यांचं कुंपण घातलं, तर एक डुक्कर त्यातलंच जरीकाठी लुगडं अंगावर मिरवत अख्खं शिवार फिरून आलं! मग मात्र मामी इरेला पेटल्या. त्यांनी पीक राखायसाठी बंदुकीचं लायसन काढलं. कचेरीच्या चकरा झाल्या, पोलीस चौकशी झाली, चालवायचं शिक्षणही झालं. डुकरं मारायची नव्हती, आवाज काढून पळवायची होती. लायसनवरच्या फोटोत मामी अशा बघतायत, की तो फोटोग्राफर वाचला कसा, हाच प्रश्न पडावा!

आता राहिली फक्त बंदूक. आणि ती जबाबदारी मी ओढवून घेतली.

"बिदरला घेऊ, मामी! तिथं माल एक नंबर मिळतो. शरणप्पा माझा जिगरी दोस्त हाय. दुकानदाराशी त्याची लई वळख."

माझी बायको पुनम भाकरी वाढता वाढता थांबली. "पण बिदर कर्नाटकात हाय. लायसन आपल्याकडचं. चालतं का तसं?"

"अगं, आपला फ्रीज बिदरचाच की! त्याला नाक्यावर कुणी पुसलं का, बाबा तू मराठी का कानडी?"

सगळे हसले. पुनम हसली नाही. बायको हसत नाही तेव्हा शहाण्यानं तिथंच थांबावं. मी काय केलं? मोबाईल काढला आणि स्टेटस टाकलं, "उद्या बिदर! मामींसाठी बंदूक!! डुकरांनो, सावधान!!!"

दुसऱ्या दिवशी उदगीरहून मामींनी आणि मी बिदरची बस धरली. मामी ठेवणीतली साडी नेसून, सून बघायला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. शरणप्पा स्टँडवर हजर होता. तिघं मिळून दुकानात गेलो.

मामींनी एक बंदूक हातात घेतली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला. समोरच्या भिंतीवरची पाल पळून गेली!

"हीच!" मामी म्हणाल्या.

दुकानदारानं लायसन बघितलं आणि मान हलवली. "आगल्ला, अम्मा! न्हाई जमत."

"का? बाई हाय म्हणून?" मामींनी पदर खोचला.

"तसं न्हाई, अम्मा! तुमचं लायसन महाराष्ट्रापुरतं हाय. हे कर्नाटक. तुमच्या जिल्ह्याच्या साहेबांची तशी परवानगी असल्याबिगर मी विकली, तर माझ्या दुकानाला कुलूप! आणि तुम्ही ती घेऊन रस्त्यावर पाय ठेवला, की तुम्हाला कुलूप!"

आता सगळ्या गावाला तोंड दाखवायचं होतं मला! मी पुढं सरकलो. "असं करू सेठ. तुम्ही बंदूक सीमेवर आणून द्या. पलीकडं गेलं की महाराष्ट्रच!"

"बंदूक हाय ही! बसस्टँडवरचा वडापाव हाय का, खिडकीतनं द्यायला?"

"बरं, मग शरणप्पाच्या नावावर फाडा पावती!"

"ह्यांच्याकडं लायसन हाय?"

"न्हाई."

"मग आधी हे आत जातील, मागनं तुम्ही. तुमच्या नांदेडला न्हाईतर लातूरला जाऊन घ्या की! सरळ मिळती."

मी आधारासाठी मागं वळून बघितलं. शरणप्पा नव्हता! दाराशी त्याची एकच चप्पल उरली होती, तीही उलटी पडलेली. जिगरी दोस्त इतक्या जोरात पळाला होता!

मामींनी लायसन पिशवीत ठेवलं आणि स्टँडची वाट धरली. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. वाटेत बाजार लागला, तिथं त्यांनी एक लांब, शिसवी, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं मुसळ पसंत केलं. "एवढ्या लांब आलो, रिकाम्या हातानं कशाला जायचं?" दुकानदारानं ते बारदानात गुंडाळून सुतळीनं आवळून दिलं. मामी ते मांडीवर आडवं घेऊन बसमध्ये बसल्या.

बस निघाली आणि माझा फोन वाजला. मामींच्या बांधाला बांध असलेला व्यंकटी बोलत होता.

"जावई! घेतली का बंदूक? सारं गाव पुसून राहिलं!"

आता खरं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण माझी जीभ आडवळणाला गेली.

"घेतली की! एक नंबर माल!"

"ऑं? ऐकू येईना!"

"घेतली!!" मी ओरडलो. "लांब नळीची हाय! मामींच्या मांडीवर हाय!!"

सगळ्या बसनं माना वळवल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ उठला. "बसा की," मी म्हणालो. "न्हाई न्हाई, मला उभं राहायलाच बरं वाटतं," म्हणत तो थेट मागच्या काचेला जाऊन चिकटला. सुट्ट्यांवरून प्रत्येकाशी भांडणारा कंडक्टर माझे उरलेले पैसे दोन्ही हातांनी, देवाला फूल वाहावं तसे, देऊन गेला. आणि पुढं ड्रायव्हरच्या कानाला लागून फोन फिरवू लागला. सीमा ओलांडून बस महाराष्ट्रात शिरली तशी थांबली. पोलीस!

फौजदार दीपमाला मॅडम वर चढल्या. "बंदूक कुणाकडं आहे?"

सगळ्या बसनं आमच्याकडं बोट दाखवलं. एक आजोबा घोरत होते, त्यांचंही बोट आमच्याचकडं!

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं नसतं म्हणतात. इथं तर मुसळच मला तारणार होतं! पण भीतीनं माझं डोकं चालेना. मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "मॅडम, माझी न्हाई! मामींची हाय!"

मामींनी माझ्याकडं बघितलं. लायसनवरचा फोटो त्यापुढं प्रेमळ वाटावा!

"खाली उतरा दोघंही. सोडा ते."

मामींनी सावकाश सुतळी सोडली, बारदान उलगडलं आणि मुसळ उभं धरलं. "घ्या मॅडम. ह्याला लायसन लागतं का?"

बस अशी हसली की टपावरच्या कोंबड्या ओरडायला लागल्या. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मग माझ्याकडं वळल्या.

"फोनवर लांब नळीची म्हणालात, ते काय?"

"गावात इज्जत जाऊ नये म्हणून..."

"गावातली राहिली, बसमधली गेली! अहो, खरंच आणली असती तर आज सासूबाईंना घेऊन कोठडीत बसला असता." मग मामींचं लायसन बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "मावशी, तुमचं लायसन एकदम पक्कं आहे. नांदेडला जा, रीतसर घ्या. आणि बोलायचं काम तुम्हीच करा."

गावच्या फाट्यावर उतरलो तर काय! व्यंकटी हलगी घेऊन उभा, मागं अर्धं गाव! कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात नारळ. मला बस पुन्हा धरून बिदरला जावं वाटलं. पण मामी पुढं झाल्या.

"बंदूक आली न्हाई. दुसऱ्या राज्यातनं आणता येत न्हाई, हे आमचे जावई तिथवर जाऊन शिकून आले." व्यंकटीची हलगी खाली आली. "पण व्यंकटी, तुजी बी मका डुकरानं खाल्ली ना? हलगी घेऊन आलाच हाव तर इथं का उभे? चला रानात!"

आणि गाव निघालं की! दिवस मावळताना शिवारात असा दणदणाट झाला की डुकरांनी त्या रात्री त्या अंगाला तोंडच दाखवलं नाही. आजवर जो तो आपापल्या बांधावर एकटाच बोंबलत होता. त्या दिवसापासून राखणीच्या पाळ्या लागल्या. उरलेला भुईमूग पुन्हा हिरवागार डोलायला लागला.

मग मामी नांदेडला गेल्या. पुनमला घेऊन! मला दुकान सांभाळायला सांगितलं. तिथं कागद दाखवले, नोंदी झाल्या, बंदूक घेऊन मायलेकी सुखरूप परत. कुठं अडवणं नाही, काही नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळी डुकरांचा कळप ओढ्यातून वर आला. सगळे बांधावर दबा धरून बसले. मामींनी बंदूक आभाळाकडं धरली. धडाम! कळप असा उधळला की पार पुढच्या शिवारात धुरळा दिसला. पोरीबाळींनी टाळ्या वाजवल्या, व्यंकटीनं मामींच्या पायालाच हात लावला.

"अगं, पण जावई कुठं गेले?" मामींनी पुनमला विचारलं.

मी लिंबाच्या झाडावर होतो. वरून नीट दिसतं, म्हणून चढलो होतो, दुसरं काही नाही! उतरवायला मात्र शिडी आणावी लागली.