तिसऱ्या खेपेला बरोबर

पहिलीच्या वर्गात बत्तीस मुले, बत्तीस टॅब आणि एक बाई असा सरंजाम होता. यांपैकी बाईंची गरज नेमकी किती, याचा विचार वरच्या पातळीवर सुरू होता.

टॅब येण्याआधी बाईंचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. मूल ऐकून शिकत नाही, ते स्वतः करून, चुकून, शोधून शिकते, असे तज्ज्ञांनी पडद्यावरून वाचून दाखवले आणि साठ शिक्षकांनी ते ऐकून वहीत उतरवून घेतले. शंका कोणी विचारली नाही. शंकांच्या वेळेत तज्ज्ञांना जेवायचे होते.

टॅब या सिद्धांताला अगदी धरून वागे. मुलाने दोनदा चुकून तिसऱ्या खेपेला बरोबर उत्तर दिले, की 'शोधातून शिक्षण' अशी नोंद होऊन हिरवा तारा उगवे. पहिल्याच खेपेला बरोबर आले, तर 'शिक्षण घडले नाही, पाठांतराचा संशय' अशी नोंद आणि लाल ठिपका. सलग तीन आठवडे लाल राहणाऱ्या मुलास बालवर्गात परत पाठवावे, असे परिपत्रक होते.

वर्गात एका टेलरची मुलगी होती. बाप गिऱ्हाइकांची मापे चिठ्ठीवर लिहून ती कापडाला टाचणीने लावी. त्या चिठ्ठ्या वाचतच पोर वाढली. बाकीची मुले 'कमळ'पाशी अडखळत, तेव्हा ही 'कंबर', 'खांदा', 'बाही' सरळ वाची. मुले तिला चिठ्ठीच म्हणत. साहजिकच दोन आठवड्यांनी सगळ्या वर्गात अखंड लाल असे एकच मूल होते.

"बाई, ही मुलगी फार मागं पडलीय," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, ती वर्तमानपत्र वाचते."

"ते घरचं झालं. टॅबवर काय आहे?"

मग पर्यवेक्षक साहेब आले. बाईंनी चिठ्ठीला उभे केले आणि दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून साहेबांचेच परिपत्रक तिच्या हातात दिले. तिने ते घडाघडा वाचले. 'उपरोक्त संदर्भान्वये' या शब्दांशी साहेब स्वतः दरवेळी ठेचकाळत. ती तिथेही थांबली नाही.

"वाचतेय ते ऐकू येतंय हो मला," साहेब खेदाने म्हणाले. "पण एकही चूक नाही. चूक नाही म्हणजे शोध नाही, शोध नाही म्हणजे शिक्षण नाही. मुलीचं नुकसान होतंय, बाई."

"मग मी काय करू, साहेब?"

"चुकायला शिकवा. आठवडा आहे तुमच्याकडे."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर बाईंनी टॅब पुढ्यात ठेवून चिठ्ठीचा जादा तास सुरू केला.

"हे काय लिहिलंय?"

"बाही."

"असं लगेच नाही म्हणायचं, राणी. आधी दुसरं काहीतरी दाब."

"पण बाहीच आहे ना, बाई?"

"आहे गं."

"मग खोटं का दाबू?"

बाईंनी टेबलावरचे खडू उगाचच एका रांगेत लावले. "खोटं नाही, बाळा. त्याला शोध म्हणतात."

तिसऱ्या दिवशी टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून शाळेत आला. "बाई, तुम्ही चुकायचे तास घेताय म्हणे? आमच्या धंद्यात पहिल्यांदा चुकलं की कापड वाया जातं."

"नाहीतर बालवर्गात बसवतील हो तिला."

बालवर्गाचे नाव ऐकून टेलर नरमला. "दोनदाच ना चुकायचं? मग घ्या. घरी मीही सराव घेतो."

चिठ्ठी मुळात हुशार. चार दिवसांत ती चुका अशा सफाईने करू लागली, की टॅबवर ताऱ्यांची रांग लागली. लगोलग कार्यक्रम झाला. साहेबांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिले आणि म्हणाले, "वाच बरं, वर काय लिहिलंय?"

तिने साहेबांच्या तोंडाकडे पाहिले. "परकर?" सभा सरसावून बसली. "पडदा?" साहेबांनी श्वास रोखला. "प्रमाणपत्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टेलर वाजवत होता. तंत्रज्ञानाने एका आठवड्यात एका निरक्षर बालिकेला साक्षर केले, असा अहवाल वर गेला. हे सर्व शिक्षकाच्या हस्तक्षेपाशिवाय घडल्याचेही त्यात नमूद होते. बाईंच्या गरजेचा विचार त्यामुळे बराच पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी टेलरने एका गिऱ्हाइकाचे कोटाचे कापड टेबलावर पसरले. चष्मा सापडेना, पण घरात वाचणारी होती.

"पोरी, कंबर किती लिहिलीय बघ."

चिठ्ठीने चिठ्ठी पाहिली. "अठ्ठावीस."

कात्री चालली.

"तीस," ती म्हणाली.

टेलरचा हात जागीच थिजला.

"बत्तीस!" ती आनंदाने ओरडली आणि हिरवा तारा कुठे उगवतो, ते बापाच्या चेहऱ्यावर शोधत उभी राहिली.

वाचकांनी ही गोष्ट पहिल्याच खेपेला, न चुकता वाचली असल्यास त्यांच्या नावापुढे लाल ठिपका पडलेला आहे. बालवर्ग सकाळी साडेआठला भरतो. डबा घरून आणावा.