माशांचा दिवा आणि आयत्या वेळचे विषय

उजेडाशिवाय प्रगती नाही, हे सर्वमान्य आहे. वाद असतो तो एवढाच, की उजेड आधी कोणावर पाडायचा. आमच्या घराने हा प्रश्न लोकशाही मार्गाने सोडवला.

दिवाणखान्यात माशांची काचपेटी आली, तिच्यात पाच मासे आले, आणि त्यांना दिवा कुठला लावायचा यावर रीतसर बैठका सुरू झाल्या. अध्यक्ष मी. सौ.चं म्हणणं पांढरा, कारण त्यात पाण्यातली रोपं तरारतात. मुलीला निळा हवा होता, कारण निळ्यात फोटो चांगले येतात (माशांचे नव्हे, तिचे). मेहुणे तज्ज्ञ म्हणून हजर राहत. त्यांनी आयुष्यात मासे पाळलेले नसल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

"भावोजी, माशांना पापण्या नसतात," ते म्हणाले. "दिवा फटकन लागला तर धक्का बसतो हो बिचाऱ्यांना. हळूहळू उजाडायला पाहिजे."

सौ.ला गलबलून आलं. पाहणीत असंही आढळलं, की उजेड वाढला की ऐंशी टक्के मासे दगडामागे लपतात (उरलेला एक मुळातच आळशी आहे).

बाबांचीही एक सूचना होती. त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळातला बल्ब गेला होता. "अरे, तेवढा बल्ब बदल रे. चाचपडत जावं लागतं मला."

"बाबा, एका वेळी एकच विषय!" मी म्हणालो, आणि त्यांची सूचना 'आयत्या वेळचे विषय' यात घातली. म्हाताऱ्या माणसाला डावललं असं कोणी म्हणायला नको. दर बैठकीत तो विषय यायच्या आत वेळ संपायची. बाबा मात्र गणसंख्या भरायला अगदी वेळेवर हजर, भिंतीला हात लावत लावत.

अखेर दिवा आला. आपोआप उगवणारा, आपोआप मावळणारा. उद्घाटनाच्या संध्याकाळी त्याचा रंग नीट खुलावा म्हणून घरातले बाकीचे सगळे दिवे मालवले.

"बाबा, या लवकर, उजाडतंय!" मी हाक मारली. ते लगबगीने बोळातून निघाले. दिव्याचं रिकामं खोकं आम्ही तिथेच ठेवलं होतं (खोकं नसेल तर दुकानदार दिवा बदलून देत नाही).

धाडकन आवाज झाला. आम्ही सगळे पेटीकडे धावलो. मासे फारच बिथरले होते. ते दगडामागून बाहेर येईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

"अरे, कोणी आहे का रे?" बोळातून बाबांचा आवाज आला.

खुबा मोडला होता. मला रडूच कोसळलं, खोटं नाही सांगत. मेहुण्यांनी जरा हळू रडायला सांगितलं.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना ऐकवली. बाबा पुन्हा चालायला लागले का, हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, आणि तुम्हीही इथवर त्याच्याच उत्तरासाठी थांबला आहात, तर सांगून टाकतो. निळा घेतला.